विद्यार्थ्यांच्या यादीत नाव घालणाऱ्या शैलजाताई

प्रा. शैलजाताई हिरुळकर यांची आणि माझी पहिली भेट अकोल्यातील आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात झाली. मी वाणिज्य विभागात नुकताच रुजू झालो होतो आणि व्यवसाय व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले होते. ताई विभागप्रमुख. त्यांच्यासाठी मी शिक्षकाचे खाते तयारच ठेवले होते. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले शिक्षकाचं नको. पोरायले जे दिसते ते पाहाचं आहे. माह्यं नाव पोरायच्या यादीत टाका."

मी टाकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी चाचणी मोबाइलवर सोडवली आणि त्या नापास झाल्या. प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपत होता. त्यांनी तक्रार केली नाही. हसत हसत मोबाइल माझ्या हातात दिला आणि मलाच ती सोडवायला लावली. मीही नापास झालो. त्याच दुपारी मी चाचणीचा वेळ वाढवला.

खरी अडचण मात्र पुढे होती. चर्चेच्या पानावर एकही विद्यार्थी लिहीत नव्हता. मी शुद्ध मराठीत प्रश्न टाकायचो आणि खाली कोरी जागा राहायची. प्रतिसादच नसेल तर सत्राअखेरीस अभ्यासक्रम बंद करू, असे प्राचार्यांनी सांगितले. तो बंद झाला असता, तर धारणीजवळच्या गावातून दुकानातली नोकरी सांभाळून शिकणाऱ्या सवितासारख्या मुलींचे शिक्षण तिथेच थांबले असते. रोज अकोल्याला येणे सविताला शक्यच नव्हते.

ताईंनी मग आपल्या विद्यार्थिनीच्या खात्यातून, जिथे नुसते 'शैलजा' एवढेच नाव दिसे, प्रश्न टाकला. "संत्रा तं सगळ्यायलेच माहीत आहे. मंग त्याची जाहिरात काहून करा लागते? मले समजून नाही राहिलं."

तासाभरात हिवरखेडच्या एका मुलाने त्यांना अगदी 'अगं शैलजा' म्हणून समजावून सांगितले. चांदूर बाजारच्या दुसऱ्याने त्याला खोडून काढले. मग सविताने लिहिले, "शैलजा, संत्रा माहीत आहे, आपला संत्रा कोणाले माहीत आहे? त्याच्यासाठी जाहिरात." त्या एका वाक्यावर पुढे आठवडाभर वाद चालला. मी तो प्राचार्यांना वाचायला दिला. अभ्यासक्रम बंद करण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

महाविद्यालयाच्या पानावर वऱ्हाडी शोभत नाही, असे एका सहकाऱ्याने ताईंना सुनावले. आधी बोलू द्या, भाषा मागून नीट करून घेऊ, असे त्या शांतपणे म्हणाल्या. आणि तसेच केले. अंतिम अहवाल त्यांनी प्रत्येकाकडून प्रमाण मराठीत, प्रसंगी तीन-तीनदा लिहून घेतला.

सत्राच्या शेवटी सगळे विद्यार्थी अमरावतीला एका दिवसाच्या वर्गासाठी जमले. शैलजा कोणती, म्हणून मुले एकमेकांना विचारत होती. पांढऱ्या केसांच्या ताई उभ्या राहिल्या, तेव्हा सविता पार ओशाळली. आपण बाईंना नुसते 'शैलजा' म्हटले, हेच तिच्या मनाला लागले. ताई तिच्याजवळ गेल्या. "नाव तं मी खरंच लिवलं होतं. वय कोणी इचारलं नाही. तुह्या उत्तरानं मले शिकवाले सोपं झालं, बाई." वर्ग हसला, आणि सविताही. आज ती संत्रा उत्पादकांच्या एका संस्थेत विक्रीचे काम पाहते.

माझे वडील रुग्णालयात होते, तेव्हा माझ्या वर्गाचे सगळे अहवाल ताईंनी गुपचूप तपासून ठेवले होते. परतल्यावर मी आभार मानू लागलो, तर वडील जेवतात का, एवढेच त्यांनी विचारले.

ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची दृष्टी, त्यांचे गुडघे आणि त्यांचे मोकळे हसणे पुढची अनेक वर्षे ठणठणीत राहोत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, आणि आमच्या चुका त्यांना अशाच लगेच दिसत राहोत.