बाईंनी मागितलेलं उदाहरण

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पत्र्याची एक खोली होती. तिथे बाई कॉलेजच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. सिमिली, मेटाफर, आयरनी असले शब्द आले की पोरं वहीत डोकं खुपसायची. बाई सांगायच्या, "'वाघासारखा' म्हटलं की सिमिली. 'वाघच आहे' म्हटलं की मेटाफर. आणि हा वाघ झुरळाला भ्यायला की आयरनी!"

बाईंचा डावा हात कोपरापर्यंत करपलेला होता. नवऱ्याने तापलेली इस्त्री दाबली होती. हाताला ओला टॉवेल गुंडाळून त्या जे घराबाहेर पडल्या, ते पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत.

त्या दिवशी हायपरबोलीची पाळी होती. "फुगवून बोलायचं. द्या बघू उदाहरणं."

मागच्या बाकावरची पोरगी उठली. "दाजी ताईला म्हणतात, आज तुला जिवंत ठेवत नाही."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "हे फुगवून आहे का गं?"

पोरगी रडवेली झाली. "काल गळा दाबला होता, मॅडम. आज ताई फोन उचलत नाहीये."

बाई तशाच उठल्या. खाली सायकलवाल्याला म्हणाल्या, "मोठा पाना घे आणि चल."

पोरीने दाखवलेल्या घराला आतून कडी होती आणि आत कुणीतरी कण्हत होतं. सायकलवाल्याने दार उचकटलं. दाजी ताईचे केस मुठीत धरून तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. भिंत लाल झाली होती. बाई मध्ये घुसल्या. त्याने एका गुद्द्यात त्यांचे दोन दात पाडले. रक्ताची गुळणी थुंकून बाईंनी त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला, की केस सुटले. तो बाईंच्या गळ्याकडे झेपावला, तेवढ्यात सायकलवाल्याचा पाना त्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला.

"माझी बायको आहे, मी काय वाटेल ते करीन!" तो जमिनीवर लोळत ओरडला.

"बोंबल. पोलीस येईपर्यंत बोंबल," बाई म्हणाल्या आणि ताईच्या डोक्याला ओढणी बांधायला बसल्या.

कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "'जिवंत ठेवत नाही' हे रागात माणूस बोलतो तसं. ती बोलायची पद्धत असते."

"बोलायची पद्धत असती तर कवटी तडकली नसती, साहेब," बाई म्हणाल्या.

दाजी तुरुंगात गेला. ताई वाचली, पण एका कानाने कायमची बहिरी झाली. दोघी बहिणींनी वेगळी खोली घेतली. ताई आता शिवणकाम करते. मशीन तिने दाराकडे तोंड करून ठेवलंय, आणि पाठीमागून बहीण आली तरी अजून हातात कात्री घेऊनच वळते.