बाबांच्या गालावरची जांभळी रेघ

मंडळी, आज दुपारी मी डुलकी घेत होतो, तेव्हा नातीनं स्केचपेननं माझ्या गालावर जांभळी रेघ ओढली. अर्धवट झोपेतच आरशात पाहिलं, तर क्षणभर बाबाच माझ्याकडे पाहत होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमी अनसिंगले राहत होतो. बाबांच्या टाळूले क्वचितच होणारा कॅन्सर झाला होता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "कापलं तर बोलणं जाईल. आपण किरणांचा शेक देऊ." शेक नेमका कुठं द्यायचा, त्याची खूण म्हणून त्यांनी गालावर जांभळी रेघ ओढली. ती पुसायची नव्हती.

भाऊबीजेच्या सुटीत बाबा घरी आले. आत्यानं रिवाजाप्रमाणं उटणं लावलं, मायेनं तोंड चोळलं, अन् रेघ गेली!

"भाऊ, म्या तुहा जीवच पुसला रे!" आत्या रडू लागली.

बाबा हसले. "डॉक्टर पुन्हा काढतीन. तू काहून रडून राह्यली?"

डॉक्टरांनी पुन्हा काढली. शेक संपले, बाबा बरे झाले, रेघही विरून गेली. पण पुढं दर भाऊबीजेले आत्या तेवढा गाल सोडूनच उटणं लावायची.

आता नात ओला रुमाल घेऊन समोर उभी आहे. तुमीच सांगा, पुसू देऊ का?