दिगूची फसलेली नक्कल

दिगू गेल्याचा फोन बँकेत आला, तेव्हा मी हसलो होतो. पलीकडून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक बोलत होते, "अहो, आपले परुळेकर गेले... पार्कातून फिरून आले आणि जिन्यातच खाली बसले." मी म्हटलं, "दिग्या, पुरे. कर्णिक इतक्या हळू बोलत नाहीत. आणि मला कामाच्या वेळी छळू नकोस." कर्णिकांचा आवाज काढून मला फोन करायचा हा त्याचा जुना उद्योग होता. एकदा याच आवाजात 'गच्चीवरची टाकी फुटली, तुमच्या घरात पाणी शिरलंय' असं सांगून त्याने मला अर्ध्या दिवसाची रजा टाकून बोरीवलीला धावत आणलं होतं. त्यामुळे मी हसलोच. मग कर्णिक म्हणाले, "नाही हो. मीच आहे..." नकलाकार गेला, की तो खरंच गेलाय हे मित्रांना आधी पटवून द्यावं लागतं. त्याला आता दीड महिना होईल.

उपनगरांतल्या गणेशोत्सवात किंवा सोसायटीच्या पूजेला ज्यांनी दिगंबर परुळेकरचा कार्यक्रम पाहिला असेल, त्यांना तो आठवेल. किडकिडीत अंग, मोठे कान, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सिनेनटांचे आवाज त्या काळी गल्लोगल्ली निघत होते, दिगूला त्यांत रस नव्हता. तो साधी माणसं करायचा. रेशनच्या दुकानातला क्लार्क, मानपानावरून रुसलेली वरमाई, हॉटेलात 'बिल मीच देणार' म्हणून हमरीतुमरीवर आलेले दोन व्याही. मी एकदा विचारलं, आवाज पकडतोस कसा? तर म्हणाला, "आवाज शेवटी येतो रे. माणूस बोलण्याआधी काय करतो ते आधी बघायचं. कोणी चष्मा पुसतो, कोणी आवंढा गिळतो. तेवढं सापडलं ना, की आवाज आपोआप येतो."

माझ्याशी फोनवर चालणारी थट्टा सोडली, तर त्याचा एक हट्ट होता. ओळखीच्या माणसाची नक्कल करायची, तर तो माणूस समोर बसलेला पाहिजे. कार्यक्रम संपला की लोक याच्याभोवती जमायचे आणि हा गर्दीतून वाट काढत त्या माणसाला गाठायचा, "चाललं ना?" समोरच्याचा चेहरा जरा जरी उतरलेला दिसला, की ती नक्कल कायमची बंद. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मास्तरांच्या खाकरण्याची नक्कल लोकांनी डोक्यावर घेतली होती. मास्तर स्वतःही मनापासून हसले. पण त्यांच्या बायकोने मान खाली घातलेली दिगूने पाहिली. पुढे कळलं, ते खाकरणं साधं नव्हतं, घशाचं मोठं दुखणं होतं. त्यानंतर लोक 'मास्तर, मास्तर' म्हणून ओरडायचे आणि हा हात जोडून दुसरंच काही सुरू करायचा.

याच हट्टापायी तो गेलेल्या माणसाची नक्कलही करत नसे. कॅसेटवाले घरी आले होते. दिवंगत पुढाऱ्यांचे आवाज काढा, कॅसेट झकास खपेल म्हणाले. हा म्हणाला, "कार्यक्रमानंतर 'चाललं ना' विचारायला मी कुठे जाऊ?" बरं, मग जिवंत माणसांची करा. तर म्हणे, "पण कॅसेट वाजेल तेव्हा ते समोर कुठे असणार?" मी त्याला मूर्ख म्हटलं, त्याच्या बायकोने, नलूवहिनीने, कपाळाला हात लावला. आता कोणीही विचारतं, त्याचं काही रेकॉर्डिंग आहे का हो? नाही. काहीही नाही. या गोष्टीचा मला आजही त्याच्यावर राग आहे.

घरी मात्र हा मुलखाचा घुम्या. वहिनी म्हणायची, "लोकांना वाटतं आमच्याकडे रोज फुकट कार्यक्रम. अहो, यांच्या तोंडून 'मीठ दे' एवढं काढायला मला अर्धं जेवण लागतं." नोकरी कांदिवलीला, औषधांच्या पॅकिंग खात्यात. रविवारी आईला घेऊन होडीने गोराईला जायचं, सुकट आणायची. नाहीतर बसने आरेत जाऊन तबेल्यांशी उभं राहायचं. तिथल्या एका म्हशीची नक्कल तो फार सुरेख करी. "तिची परवानगी घेतलीस का?" मी विचारलं. "विचारलं ना. शेपटी मारून गेली. तेवढं चालतं."

मग त्याचे वडील गेले. मिलमधला माणूस, करड्या आवाजाचा, संपानंतर घरी बसला तो आणखीच करडा झालेला. काकींची, म्हणजे दिगूच्या आईची, दृष्टी तोवर काचबिंदूने जवळजवळ गेली होती. इतरांना निदान फोटोकडे तरी बघता येतं, त्यांना तेही नव्हतं. त्यांचा नवरा म्हणजे एक आवाज उरला होता, तोही गेला. काकी जेवेनाशा झाल्या. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि उठायच्या. आणि एके दिवशी त्यांनी दिगूला सांगितलं, "तुझ्या बापाशीचो आवाज काड. माका एकदा आयकाक होयो."

दिगू नाही म्हणाला. त्या रोज म्हणत, हा रोज नाही म्हणे. दिवसेंदिवस म्हातारी वाळत चालली. वहिनी त्याच्याशी बोलेनाशी झाली. मीही त्याला सुनावलं, "तुझी तत्त्वं स्टेजवर ठेव ना यार. आई मरेल तुझी." तो म्हणाला, "आणि मला जमलं तर? मग ती उद्या पुन्हा मागेल, परवा मागेल. मी तिचा मुलगा म्हणून कधी बोलू?"

शेवटी एका दुपारी तो कबूल झाला. मी तिथेच बसलो होतो. दिगू दाराबाहेर गेला, चपला काढल्याचा आवाज केला, बापासारखा नाकातून एक श्वास सोडला आणि आत येत म्हणाला, "चाय टाकलंस काय गो?" इतका हुबेहूब, की मी उठून उभा राहिलो. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. काकींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "नाय. ह्यो तू. तो इतक्या मायेन कधी बोललो नाय."

दिगू खाली बसला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. बाप गेल्यावर तो पहिल्यांदा रडत होता. काकी मात्र त्याच्या केसांतून हात फिरवत हसत होत्या. म्हणाल्या, "आता वाढ गो नलू, भूक लागली." खाली उतरताना तो मला म्हणाला, "फसली रे नक्कल." त्याला इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आईने तो आवाज पुन्हा मागितला नाही. उलट रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून दिवसभराचं विचारायची, आणि हा घुम्या माणूस तिला सगळं सांगायचा.

आता संध्याकाळी बँकेतून आलो की मी काकींपाशी जाऊन बसतो. नवरा गेला तेव्हा त्या जेवेनाशा झाल्या होत्या, मुलगा गेल्यावर काय करतील याची आम्हा सगळ्यांनाच धास्ती होती. गेल्या आठवड्यात वहिनीने चहा आणून ठेवला. काकींनी कपाला हात लावला नाही. नाकातून एक श्वास सोडला आणि जरा घोगरा आवाज काढून, फार हळुवारपणे म्हणाल्या, "चाय टाकलंस काय गो?"

मला वाटलं, काकांची आठवण आली असेल. तसं मी विचारलंही.

"नाय रे," काकी म्हणाल्या, "ह्यो दिगू." आणि चाचपडत कप उचलून त्यांनी चहा प्यायला.