आईला केंद्रावर सोडायला

आमच्या घरात काहीही बिघडलं की ते आईनेच बिघडवलेलं असायचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण माझ्या लहानपणापासून तसंच चालत आलं होतं. बाबांच्या हातून कप फुटला तर आई म्हणायची, मीच काठावर ठेवला होता. बाबा एखाद्या लग्नाला उशिरा पोचले तर आईला साडी नेसायला वेळ लागलेला असायचा. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर्सचे साहेब होते, आणि निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. चारचौघांत त्यांची चूक दिसू नये, हे आई बोलता बोलता सांभाळून घ्यायची. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. तो राग मी बाबांवर न काढता आईवर काढायचे, म्हणजे मीही त्याच घरातली.

सुरुवात दुधापासून झाली. पातेली करपायला लागली. मग किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, पिठाच्या डब्यात साखर ओतलेली निघाली. एका दुपारी मी माहेरी गेले तर गॅसचं बटण चालू, शेगडी विझलेली आणि घरभर वास. मी धावत खिडक्या उघडल्या आणि हे कुणी केलं म्हणून ओरडले. आई लगेच पुढे आली. माझंच लक्ष नव्हतं गं, म्हणाली. बाबा खुर्चीतून पेपर खाली न घेता म्हणाले की हिचं हल्ली काही खरं नाही.

मग आमचं सगळ्यांचं एकमत झालं. आईला विसरायला होतंय. दिंडोशीला राहणाऱ्या माझ्या भावाने गॅसच्या नळीच्या चावीला कुलूप लावता येईल अशी सोय करून घेतली आणि कुलपाची किल्ली बाबांच्या हातात दिली. स्वयंपाकाला बाई लागली. जन्मभर जे स्वयंपाकघर आईचं होतं, तिथे चहा करायचा तरी तिला बाबांकडे किल्ली मागावी लागायची. माझी मुलगी फोनवर तिला विचारायची, आजी, आज वार कोणता? आई बहुतेक वेळा बरोबर सांगायची. मधूनच चुकायची, आणि आम्ही घरात एकमेकांकडे बघून मान हलवायचो.

बाबा तेव्हा स्कूटर चालवत होते. आई मागे बसून सारखी सांगायची, आता डावीकडे घ्या, आता पुढच्या गल्लीत. आम्ही म्हणायचो, बिचारी स्वतःच्याच घरचा रस्ता घोकत असते.

फॅमिली डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथला नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की मुलुंडातच, देवळामागच्या इमारतीत तळमजल्यावर, डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र आहे. दिवसा त्यांना तिथे सांभाळतात, आणि घरच्यांची वेगळी बैठक घेतात. त्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. आईला एका खोलीत नेलं, तिथे काहीजण मटार सोलत होते. बाबा आणि मी शेजारच्या खोलीत, गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसलो.

समुपदेशक बाईंनी नवीन आलेल्यांना बोलायला सांगितलं. बाबा उठून उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय, आवाजही भारदस्त. म्हणाले, मी सोसायटीचा सेक्रेटरी, दीडशे घरांची तक्रार ऐकतो, पण घरातली तक्रार कुणाला सांगू? सगळे हसले. मग त्यांनी गॅसची गोष्ट सांगितली. त्या दिवशी घर उडालं असतं, पण मी तिला एका शब्दाने बोललो नाही, असं म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला. समोरच्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला बाबांचा अभिमान वाटला.

चहा आला. बिस्किटं झाली. दुसऱ्या कुणी आपल्या सासऱ्यांबद्दल बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. मी आज नवीन आहे, म्हणाले, दोन शब्द बोलू का? मला वाटलं काही राहिलं असेल. ते उभे राहिले. मी सोसायटीचा सेक्रेटरी, दीडशे घरांची तक्रार ऐकतो, पण घरातली तक्रार कुणाला सांगू?

मी गमतीने हसले. मला अजूनही कळलं नव्हतं. मग गॅस आला, खिडक्या आल्या, मी तिला एका शब्दाने बोललो नाही हेही आलं, आणि त्याच जागी बाबांनी चष्मा काढून पुसला. मी आजूबाजूला बघितलं. त्या खोलीतल्या एकाही माणसाने त्यांना सांगितलं नाही की हे तुम्ही आत्ताच बोललात. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला कोपर मारलं नाही. सगळे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते, कारण त्यांच्या घरी रोज हेच होतं. त्या सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं. समोरच्या बाई आता बाबांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी उठून बाहेर आले. समुपदेशक बाई मागोमाग आल्या. त्यांनी आईशी आधीच बोलून घेतलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या की आजाराचं निदान डॉक्टरांनीच करायचं, पण तुम्ही दाखवायला चुकीचं माणूस आणलंय असं मला वाटतं. मला एकदम आठवली ती गॅसची किल्ली. ती आम्ही कौतुकाने बाबांच्या हातात ठेवली होती.

आई आतल्या खोलीत बसली होती. स्वतःचे मटार संपवून शेजारच्या आजोबांचे सोलत होती, आणि त्यांना बोलतं करायला त्यांच्या गावाबद्दल विचारत होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"तुला माहीत होतं?"

तिने मान वर केली नाही. "गणपतीच्या आधीपासून," म्हणाली.

मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस, आम्ही तुझ्यावर काय काय लादलं, तुला चहा करू दिला नाही. ती मटार सोलत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "ह्यांना लोक काय म्हणाले असते? मला म्हटलं तर काय बिघडतं. मी कुठे सेक्रेटरी आहे?"

"आणि वार चुकीचा का सांगायचीस?"

"सगळे बरोबर सांगितले असते तर तुम्ही ह्यांना विचारलं असतंत."

मी आजवर बऱ्याच गोष्टींनी हादरले आहे, पण अशी कधीच नाही. ही बाई आमच्यासमोर, आमच्या फोनवर, विचार करून चुकत होती. स्कूटरवर मागे बसून त्या माणसाला घरी आणत होती. आणि तिच्या या नाटकामुळे त्याला औषध मिळत नव्हतं, एखाद्या दिवशी दोघांचा जीव गेला असता, हे तिला कळत नव्हतं असंही नाही. मी तिला तेवढं बोलले. ती म्हणाली, खरंय. मग पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.

पुढे आईच्या निमित्ताने बाबांनाही तपासून मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. स्कूटर भाऊ घेऊन गेला, दुरुस्तीला दिली असं बाबांना सांगून. कुलपाची किल्ली आईच्या कनवटीला आली. राहिला प्रश्न केंद्राचा. बाबांना तिथे दिवसभर माणसांत बसायची गरज होती, आईला तेवढीच मोकळीक मिळाली असती, पण आपण आजारी आहोत हे ऐकून ते उंबरठासुद्धा ओलांडणार नव्हते. एकदा मी आडून सुचवलं तर ताट सरकवून उठले. तेव्हा समुपदेशक बाईंनीच तोडगा काढला. ते बायकोला घेऊन येतात ना, म्हणाल्या, तसेच येऊ देत. आम्ही सांभाळून घेऊ.

मी जोरात नाही म्हटलं. आईने आता तरी हे सोंग उतरवावं, दुपारी पाठ टेकावी, भिशीच्या बायकांत जाऊन बसावं, असं मला वाटत होतं. आईने माझं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना म्हणाली, अहो, मला एकटीला तिथे जायला नको वाटतं. बाबांनी लगेच इस्त्रीचा शर्ट काढला.

तेव्हापासून ते रोज तिला घेऊन जातात. रस्ता ओलांडताना तिचा दंड घट्ट धरतात. केंद्रावर सगळ्यांची विचारपूस करतात, गाण्यांना ठेका धरतात, आणि नवीन माणूस आलं की सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून उभे राहतात. काम करणाऱ्या मुलींना रोज बजावतात की हिच्याकडे लक्ष ठेवा, हिला काही आठवत नाही. आई मान डोलावते. सोसायटीतही हेच माहीत आहे. जिन्यात बायका तिच्याशी लहान मुलीशी बोलावं तसं मोठ्याने आणि सावकाश बोलतात. माझं रक्त उकळतं. आई मात्र त्यांना हसून दाखवते.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी माहेरी होते. बाबा बूट घालून दाराशी उभे होते. आई पदर खोचून, डबा भरून, स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांशी बोलायचे त्या अदबीने म्हणाले, "बाई, जरा आमच्या मिसेसना तयार करता का? त्यांना केंद्रावर सोडायचंय. त्या विसरतात हो सगळं."

मला आईकडे बघायची हिंमत झाली नाही. तिचा आवाज तेवढा ऐकला. "हो, आत्ता पाठवते," ती म्हणाली आणि आत गेली. बेडरूमचं दार लागलं. बाबा घड्याळ बघत उभे होते. जरा वेळाने दार उघडलं. आईने बाबांच्या आवडीची निळी साडी नेसली होती, पदर नीट घेतला होता, कपाळावर मोठं कुंकू लावलं होतं.

"चला," ती म्हणाली. "माझ्यामुळे उशीर झाला."

बाबांचा चेहरा खुलला. तिचा दंड धरून ते जिन्याकडे निघाले.