तंबोऱ्याला लागलेला हात

“टाक! टाक तो खाली!”

बाईसाहेब एवढ्या जोरात ओरडल्या की विमानाच्या घरघरीतही मला ऐकू आलं. तंबोरा माझ्या दोन्ही हातांत होता. भोपळा पोटाशी धरलेला. पायाखाली सगळा खडकाळ माळ. टाकला असता तर जागच्या जागी चिरफळ्या झाल्या असत्या. ते त्यांनाही दिसत होतं. तरी त्या म्हणत होत्या, टाक.

तंबोरा फुटलेला चालला असता. मी धरलेला चालत नव्हता.

मी टाकला नाही. गुडघे टेकले, पायानं गोधडी ओढली, तान्ह्याला निजवावं तसा तो तिच्यावर ठेवला आणि मागं सरले. मला चार माणसांत उभं राहायचीही भीड वाटते. त्या दिवशी तर निम्मं सोलापूर विमान बघायला माळावर आलं होतं. आता सगळे विमान सोडून माझ्या हातांकडं बघत होते.

हे कसं घडलं ते लिहिते. कुणाला दाखवायचं नाही. पण लिहिते.

मी वकीलसाहेबांच्या परसात कामाला होते. शेण काढायचं, सरपण फोडायचं, मागचं अंगण झाडायचं. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आम्ही महारवाड्यातले. तहान लागली तर ओंजळ पुढं करायची, वरून ओततील तेवढं प्यायचं.

त्यांची लेक, आमच्या ताईसाहेब, गाणं शिकतात. मुंबईला त्यांचं गाणं ठरलं होतं. मागच्या खेपेला आगगाडीच्या गर्दीत तंबोऱ्याची खुंटी मोडली होती, तेव्हापासून त्यांनी धसका घेतलेला. वकीलसाहेबांचे एक पक्षकार संस्थानिक. त्यांचं विमान मुंबईला जाताना होटगीच्या वाटेवरच्या माळावर उतरणार होतं. मग ठरलं, की ताईसाहेबांनी वडिलांबरोबर आगगाडीनं जायचं आणि तंबोऱ्यानं विमानातून.

तंबोरा बांधायचा सोहळाच झाला. तारा सैल केल्या. कापूस भरून जाड गोधडी शिवली, ती गुंडाळली आणि सगळ्यात वरून धाबळी. धाबळी लोकरीची. लोकरीला विटाळ लागत नाही असं ते लोक मानतात. तिच्यावरून कुणीही उचललं तरी चालतं. टांग्यात हिसके बसतील म्हणून बाईसाहेबांनी मला बोलावलं. डोक्यावर मोळी घेऊन मी झपाझप चालते, मोळी हलत नाही, हे त्यांनी बघितलेलं.

“नीट नेलास तर तुझ्या पोरीचं बघू,” त्या म्हणाल्या. “हे शाळा बोर्डात आहेत. ह्यांनी एक शब्द टाकला की आत बसवतील तिला.”

माझी सगुणा दुसरीत आहे. शाळेच्या ओसरीवर बसते. मीही ओसरीवर बसूनच चौथी केली. खिडकीतून दिसेल तेवढाच फळा. पावसाची झड आली की पाटीवरचं पुसून जायचं, आणि लिहिलं नाहीस म्हणून मास्तर लांबूनच छडी फेकून मारायचे. जवळ येऊन मारलं तर त्यांना विटाळ. सगुणानं आत बसावं एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी तंबोराच काय, वकीलसाहेबांचा अख्खा वाडा डोक्यावर घेतला असता.

डोक्यावर चुंबळ ठेवून मी तो माळापर्यंत नेला. बाईसाहेब आणि ताईसाहेब मागून टांग्यात.

विमान चालवणारा मुंबईचा पारशी होता. त्यानं गाठोडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“बाय, हे गाठोडं आत कुठे जाणार? सगळं काढा. खुर्चीवर बसवून पट्टा बांधतो.”

टांगेवाल्यानं धाबळी सोडली, गोधडी सोडली. ताईसाहेबांनी तंबोरा एका पेटीला टेकवून उभा केला. तेवढ्यात त्या पारशानं यंत्र सुरू करून बघितलं. पुढचा पंखा फिरला. असा वारा सुटला की टोप्या उडाल्या, धोतरं सुटली, माणसं हसत ओरडत पळाली. ताईसाहेबांनी पदर सावरला. तंबोरा कलला.

जवळ मीच होते. मी धरला. उघड्या हातांनी.

पुढचं वर लिहिलंच आहे. यंत्र थांबलं. बाईसाहेबांनी टांग्यातून तांब्या मागवला. मला वाटलं, माझ्यावर पाणी शिंपडणार. नाही. त्यांनी माझे हात लागले होते तिथं, भोपळ्यावर, दांडीच्या सांध्यावर, अख्खा तांब्या ओतला. पाणी फटीत शिरलं. तारांवरून खाली ठिबकलं.

पारशी म्हणाला, “अरे बाय, हे वाजवायचं आहे की धुवायचं?”

लोक हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. ताईसाहेब गप्प. आईसमोर त्या कायम गप्प. पदराच्या टोकानं पुसत राहिल्या.

मग तंबोऱ्याला खुर्चीवर बसवलं. मागं उशी, पोटावर पट्टा. सुकी लाकडं नि भोपळा, पण त्याला आकाशात बसायला जागा होती. माझ्या पोरीला वर्गात नव्हती. विमान वर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धाबळीची घडी घातली. ती घडी मात्र माझ्या हातून चालली.

मुंबईला तंबोरा पोचला तो सांधा उकलून. ताईसाहेबांना उसन्या तंबोऱ्यावर गावं लागलं. बापलेक परत आले आणि मला परसात उभं केलं. ओट्यावर वकीलसाहेब, बाईसाहेब, शेजारच्या दोन बायका. उकललेला तंबोरा चटईवर.

“हिचा हात लागला आणि वाद्य गेलं,” बाईसाहेब शेजारणींना सांगत होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “सगळ्यांदेखत म्हण, माझ्या हातानं गेला. नाक घास. मग पोरीचं बघू.”

वकीलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “म्हणून टाक आणि मोकळी हो. मी उद्याच मास्तरांना चिठ्ठी देतो.”

मी मान खाली घातली. खरं सांगते, म्हणणार होते. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात ताईसाहेब गोठ्याच्या बाजूनं माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “म्हण ना गं. तुझं काय जातंय? पाण्यानं गेला हे मला माहीत आहे. पण आईला कसं सांगू मी?”

माहीत होतं. सगळं माहीत होतं. ज्या गळ्याचं घरभर कौतुक, त्या गळ्यातून एवढं एक वाक्य निघत नव्हतं. ते मी माझ्यावर घ्यायचं. मोळीसारखं.

मी मान वर केली.

“माज्या हातानं वाचला तो. तुमी पाणी वतलं म्हणून ग्येला.”

“काय?”

“न्हाय म्हणणार मी.”

“बरीच की गं जीभ आली तुला,” बाईसाहेब म्हणाल्या. “चौथी शिकवलं म्हणून हे. पोरीला तर आता ओसरीही नको.”

“ओसरी नकोच हाय जी,” मी म्हणाले, आणि बाहेर पडले. काम तिथंच सुटलं.

घरी मालक, म्हणजे सगुणाचे वडील, माझ्यावर चिडले. “एक शबूद बोलली असतीस तर पोरगी आत बसली असती की! लई मोठी झालीस व्हय?”

मी त्यांना म्हटलं, “तिला आत बसवायला मी खोटं बोलू, तर ती आत जाऊन काय शिकंल?” ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मी सगुणाचा हात धरून शाळेत गेले. ओसरीवर थांबले नाही. उंबरा ओलांडला आणि तिला पोरींच्या रांगेत बसवलं. मास्तर खुर्चीतून उठले.

“वकीलसाहेबांची चिठ्ठी कुठाय?”

“चिठ्ठी न्हाय. पोरगी हाय.”

मास्तरांनी बाकीच्या सगळ्या पोरी उठवल्या आणि बाहेर लिंबाखाली नेऊन बसवल्या. खोलीत सगुणा एकटी. समोर फळा. ती रडवेली होऊन म्हणाली, “आई, मीबी जाऊ का भायेर?”

“न्हाय,” मी म्हटलं. “वाच.”

तेव्हापासून रोज जातो. रोज मास्तर वर्ग बाहेर काढतात. महारवाड्यातल्या बायका म्हणतात, तुझ्यापायी आमचीही कामं जातील. जातील कदाचित. मालक अजून नीट बोलत नाहीत. मला अजूनही शाळेच्या दारात उभं राहिलं की घाम फुटतो.

पण मी उभी राहते. मास्तरांनी रोज खोली रिकामी करावी. लिंबाखाली ऊन येईल, मग पाऊस येईल. सगुणा आतच बसेल. आणि तिला उठवायचं असेल तर त्यांना तिच्या दंडाला धरूनच उठवावं लागेल. धरू देत. मी दारातच आहे.