हळदीकुंकवाचा टायमिंग बेल्ट

पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून मी कुऱ्हाडी पाहिल्या, पाण्याच्या मोटारी पाहिल्या, एकदा तर तीन दिवस जिवंत बोकड सांभाळला. गाडीचा तुटका टायमिंग बेल्ट मात्र एकदाच आला. त्याची आठवण झाली की आजही आधी हसू येतं आणि मग जरा ओशाळायला होतं.

तेव्हा मी सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन गेली होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात साखऱ्याकडच्या एका तांड्यावरचा गाडीवाला अर्ज घेऊन आला. पस्तिशीचा माणूस. स्वतःची जुनी डिझेल गाडी भाड्यानं चालवायचा. त्यानं माझ्या टेबलावर एक तुटका रबरी पट्टा आपटला.

"साहेब, दसऱ्याला मिस्त्रीकून नवा बेल्ट टाकून घेतला. दोन महिन्यांत तुटला! त्यानं जुनाच बसवला अन् नवा इकून खाल्ला. माझं पूरं इंजिन बसलं."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनचा वरचा आणि खालचा भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. तो वेळेवर बदलला, तर बेअरिंग आणि मजुरी धरून त्या गाडीचं काम पाचेक हजारांत होत होतं. चालत्या गाडीत तुटला, की आतले व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. गाडीवाल्याला तीस हजारांचा अंदाज मिळाला होता. तो चिडला होता यात नवल नव्हतं.

मिस्त्री गोरेगावचा. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा, वीस वर्षं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारा. गाडीवाल्यानं ठाण्यात येण्याआधी बाजारभर बोंब मारली होती, त्यामुळे आठ दिवसांत त्याच्या शेडसमोर एक गाडी उभी राहिली नव्हती. त्या भागात मिस्त्रीचं भांडवल म्हणजे त्याचं नाव. ते गेलं की पाने-पकडी विकून घरी बसायचं.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक जण म्हणाला, "मिस्त्रीच्या शेडात पोतंभर जुने बेल्ट हायेत. तेच धुऊन लोकायला टाकून राहिला." असल्या फोनमागे बहुतेक वेळा शेजारचा दुकानदार असतो, हे मला सेवेच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी मी जमादारांना घेऊन गेलो. पोतं खरोखर होतं. पोतं आणि मिस्त्री दोन्ही ठाण्यात आणले. मनातल्या मनात मी गुन्हा उघडकीस आणून मोकळासुद्धा झालो होतो.

मी मिस्त्रीला समोर बसवलं आणि तुटका पट्टा दाखवला. "हा नवा आहे का?"

त्यानं पट्टा लांबूनच पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "न्हाई साहेब. किती भेगा पडल्यात. हा जुनाच हाय."

"मग बसवला कुणी?"

"मीच बसवला."

चौकशीत इतक्या लवकर कबुली मिळाली की अनुभवी अधिकाऱ्यानं सावध व्हायला हवं. मी उलट खूश झालो. आवाज चढवून नवा कुठे विकला ते विचारलं. तो एकच सांगत राहिला, "गिऱ्हाइकानं दिला तो मी बसवला. पैशाला हात लावला न्हाई साहेब." पुढचे चार दिवस मी त्याला रोज बोलावत होतो आणि तो रोज सकाळी डबा घेऊन मुकाट्यानं येऊन बसत होता. तो पट्टा तेवढे दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

पाचव्या दिवशी जमादार पंचनामा लिहायला बसले. जमादार म्हणजे फार काटेकोर माणूस. मुद्देमालाचं वर्णन करताना सुतळीचे पीळसुद्धा मोजायचे. त्यांनी आधी पोतं उपसलं. प्रत्येक बेल्टला तारेनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, नाही नेला तर नंबर लावून ठेवायचा, अशी मिस्त्रीची रीत होती. चोर माणूस चोरीच्या मालाला चिठ्ठ्या कशाला लावेल? मी खुर्चीत सरळ बसलो.

मग जमादारांनी तुटका पट्टा उलटा केला. "साहेब, दात्यायच्या मधी पिवळं काय हाय बघा बरं. हळद दिसून राहिली."

बाहेर बाकावर बसलेल्या गाडीवाल्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "असंलच की. दसऱ्याला पूजा केली न्हाई का त्याची!"

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं जुना बेल्ट काढला. बेअरिंग चुकीचं आलं होतं, आणि पुढचे दोन दिवस हत्यारांची पूजा, म्हणजे पाना हातात धरायचा नाही. गाडी शेडमध्ये उघडीच राहिली. गाडीवाला दोन्ही बेल्ट एका पिशवीत घालून घरी गेला, नवा खोक्यात आणि जुना मोकळा. खुंटीला पिशवी अडकवून आईला म्हणाला, नव्या बेल्टची पूजा कर. दसऱ्यानंतर देव्हाऱ्यातली लाल कापडाची पुरचुंडी उचलून त्यानं तशीच मिस्त्रीला दिली.

"आणि तू तो बघितला नाहीस?" मी मिस्त्रीला विचारलं.

"साहेब, कुंकवानं भरला व्हता. पूजेची चीज पुसावी कशी? तसाच हात जोडून बसवला."

आम्ही सगळे जीपमध्ये बसून तांड्यावर गेलो. तांड्यावर आईला याडी म्हणतात. गाडीवाल्याची याडी सत्तरीची, खणखणीत आवाजाची बाई. पोलिसांची जीप पाहूनही तिनं तूर निवडायचं थांबवलं नाही.

"मावशी, दसऱ्याला कोणत्या बेल्टची पूजा केली?"

"नव्याच्या."

"नवा कसा ओळखला?"

"तेलकट व्हता ना! नवी कुऱ्हाड आणा, नवा पंप आणा, सारं तेलातच भरून येतं. देवापुढं असं कळकट कसं ठेवावं? रिठ्यानं धुतला चांगला."

"आणि खोकं?"

"जुना असंल त्याच्यात म्हून पेटीत टाकला. कवातरी कामाला येतो."

तिनं पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली खोकं होतं आणि खोक्यात कोरा करकरीत टायमिंग बेल्ट. गाडीवाला मटकन खाली बसला. जमादार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. मिस्त्री तेवढा हसला नाही. त्यानं बेल्ट हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवस मी या माणसाला बाकावर बसवून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं.

याडीला सगळं समजल्यावर तिनं लेकाकडे आणि मिस्त्रीकडे आळीपाळीनं पाहिलं. "चूक माझी. पर मला काय गाडीतलं कळतं? डोळे तर तुमच्या दोघायला व्हते."

गाडीवाल्यानं अर्ज मागे घेतल्याचा जबाब दिला आणि मी स्टेशन डायरीला नोंद केली. इंजिनचं सामान त्यानं आणायचं, मजुरी मिस्त्रीनं सोडायची, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी एकच अट घातली, ती कागदावर न लिहिता. जिथे जिथे बोंब मारली, तिथे तिथे जाऊन खरं सांगायचं. पुढच्या आठवडी बाजारात तो पानठेल्यापासून जीपच्या थांब्यापर्यंत हिंडला आणि स्वतःची फजिती तिखटमीठ लावून सांगत सुटला. लोक इतके हसले की दोन दिवसांत शेडसमोर चार गाड्या उभ्या होत्या.

गाडी तयार झाली त्या दिवशी मलाही बोलावणं आलं. याडी हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेडात आली होती. मिस्त्रीनं खोक्यातून बेल्ट काढला, उलटा केला, एकेक दाता बोटानं चाचपला. मग गाडीवाल्यानं पाहिला. आता याडी कुंकू लावणार म्हणून मी टोपी सारखी केली. पण तिनं बेल्ट माझ्यापुढे धरला.

"साहेब, तुमी बी बघा. तो जुना तुमच्या टेबलात चार दिवस व्हता म्हणं."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी मला पुष्कळ मेमो दिले. त्यांतला एकही एवढा बरोबर बसला नव्हता. मी बेल्ट घेतला, उजेडात नेला, आतून-बाहेरून पाहिला, आणि पाहून झाल्यावर दोन्ही हातांनी तिच्या ताटात ठेवला. मगच तिनं कुंकू लावलं.