केवड्याची कुपी आणि शर्टाची बाही

लग्नानंतर चौथ्याच दिवशी मी मद्रासच्या रेल्वे कचेरीत रुजू झालो. आठ महिन्यांनी बायको यायची होती. तिचा चेहरासुद्धा नीट आठवेना, म्हणून आदल्या संध्याकाळी घाबरूनच ट्रिप्लिकेनला अत्तराच्या दुकानात शिरलो. जन्मात कधी अत्तर घेतलं नव्हतं.

दुकानदार म्हातारा होता. काचेच्या काडीनं माझ्या मनगटावर थेंब टेकवायचा आणि पुढची कुपी उघडायचा. खस, हिना, केवडा... सातव्या कुपीनंतर मला कशाचाच वास येईना. दरदरून घाम फुटला. भलतंच घेतलं तर?

त्यानं कुपीला बूच लावलं. "घबराओ नक्को, बाबू," तो आपल्या दख्खनीत म्हणाला, "नाक थक गया. अपनी बाही सूंघो."

मी शर्टाची बाही हुंगली. घाम, शाई, खानावळीतलं सांबार. नाक ठिकाणावर आलं.

"बीबी पहले इसीच को पहचानेगी," तो म्हणाला. "अत्तर बाद में." आणि केवड्याची सगळ्यात लहान कुपी त्यानं माझ्या हातात ठेवली.

सकाळी गाडी फलाटाला लागली तेव्हा कुपी खिशात बंदच होती. मी धोब्याकडून आलेल्या कडक शर्टाची बाही पुन्हा पुन्हा हुंगत होतो, आणि बाहीला नुसत्या खळीचा वास येत होता.